टिटवीच्या पोटातलं पाणी

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

आज टिटवीची शाकार उतरवली. वरची ताडपत्री आणि तिच्याखालची झापं दोन्ही जून महिन्यात नीट बांधली होती, तरी एका कोपऱ्यात उंदराने घर केलंच. हस्ताचा पाऊस अजून मधूनच येऊन जातो, पण ताडपत्री काढल्याशिवाय आत हवा लागणार नाही, म्हणून धोका पत्करला.

नवीन वही, तेव्हा ओळख एकदाच लिहून ठेवते. तेवीस फुटी फायबरची शिडाची होडी. १९७० च्या दशकात विलायतेत बनलेली, कुणीतरी गोव्यापर्यंत आणून विकलेली, २०२१ साली आमच्या गळ्यात पडलेली. पोटाखाली एक खोल कील (तळाखालचं जड पातं) असण्याऐवजी दोन बुटके कील आहेत, त्यामुळे ओहोटीला वाळूवर टिटवी दोन पायांवर उभी राहते. आमच्या खाड्यांसाठी मला हेच रूप पटतं. पाऊण मीटर पाण्यात तरंगते आणि तळ घासायला क्रेन लागत नाही. नाव बाबांनी ठेवलं. समुद्र आटवायला निघालेली टिटवी, आणि आम्ही तिच्यातलं पाणी आटवत बसलेलो, हा विनोद ते दर वर्षी करतात.

फळ्या उचलल्या तर बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खोलगट भागात, दीड बादली पाणी. बाबांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "गोडं आहे." चाळीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाची ही पहिली तपासणी. गोडं पाणी म्हणजे पावसाचं, म्हणजे वरून आलेलं. खारट म्हणजे खालून, आणि ते वाईट.

नवऱ्याचं निदान: खिडक्या. माझंही तेच.

५ ऑक्टोबर

चारही खिडक्यांच्या चौकटी काढल्या, जुनं सीलंट खरवडलं, स्पिरिटने पुसून नवीन भरलं. दिवसभराचं काम. मोठीने स्क्रू आइस्क्रीमच्या डब्यांत खिडकीवार लावून ठेवले, म्हणून ते परत जागच्या जागी गेले. धाकट्याने एक स्क्रू गिळल्याची अफवा दुपारी पसरली होती. संध्याकाळी तो शर्टाच्या खिशात सापडला.

एक गोष्ट केली नाही. नळी लावून प्रत्येक खिडकीवर पाणी मारून बघायचं, आधी आणि नंतर. उजेड जात होता, कंटाळा आला होता.

१२ ऑक्टोबर, दसरा

इंजिनाला हळद-कुंकू, सुकाणूच्या दांड्याला झेंडूची माळ. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर बदलला. जुन्याच्या सहापैकी दोन पाकळ्यांना चिरा होत्या. पाकळी तुटली की तुकडा आत जाऊन थंड पाण्याची वाट बंद करतो, म्हणून तुटायच्या आधी बदलायचा. नऊ अश्वशक्तीचं एक सिलिंडरचं डिझेल दुसऱ्या फटक्यात चालू झालं, बाबांनी घड्याळ लावून तीन मिनिटं धूर बघितला आणि "ठीक" म्हणाले. ह्यापेक्षा जास्त कौतुक त्यांनी माझ्या लग्नातही केलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर

काल कोजागिरी, आज होडी पाण्यात. पौर्णिमेचं उधाण हवं होतं, कारण उताराच्या टोकाला पाणी असल्याशिवाय ट्रॅक्टरची चाकं चिखलात जातात.

मुलांना भरतीचं गणित शिकवलं. तिथीला पाऊणने गुणा, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशोब मुंबईचा. आमच्या दाभोळच्या खाडीच्या तोंडावर भरती थोडी आधी लागते आणि चढही कमी असतो. मुंबईला उधाणात फरक साडेचार मीटरपर्यंत जातो, इकडे दोन-अडीच. धाकट्याने लगेच विचारलं, "मग एकादशीला?" सव्वाआठ. पाढे पाठ करून घ्यायला शाळेने ही युक्ती वापरायला हरकत नाही.

शेजारच्या चाचांनी नारळ फोडला. ते तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचे कप्तान, वयाने बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठे, आणि आमच्या फायबरच्या होडीला होडी मानत नाहीत. "बादली आहे," म्हणतात, "मोठी बादली."

२० ऑक्टोबर

बिल्जमध्ये अर्धी बादली. चाखलं. खारट.

२६ ऑक्टोबर

रात्रभर मला स्टर्न ग्लँड दिसत होती. पंख्याचा दांडा जिथे तळातून बाहेर जातो तिथे ग्रीस भरलेल्या दोरीची वेटोळी दाबून बसवलेली असतात, तीच ग्लँड. पाणी आत यायची टिटवीतली सर्वांत उघड जागा. शनिवारी जाऊन पहिलं काम ते केलं. तिचे दोन्ही नट पाऊण आटा आवळले, इंजिन गिअरमध्ये टाकलं, पाच मिनिटांनी हात लावला तर नळी चटका बसेल इतकी तापलेली.

बाबांचा ओरडा खाल्ला. दांडा फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडलेच पाहिजेत, तेच तिचं पाणी आणि तेच तिचं तेल. थेंब बंद केलेस तर दांड्यावर चर पडेल. "तुला नळ दुरुस्त करायचाय की इंजिन चालवायचंय?" नट परत सैल केले. इंजिन बंद केल्यावर थेंब थांबतो की नाही तेवढं बघायचं. थांबला.

म्हणजे ग्लँड नव्हे. पण मन अजून मानत नाही.

५–६ नोव्हेंबर

भाऊबीज झाल्यावर हर्णैपर्यंत जाऊन आलो. चिवडा, चकली, बेसनाचे लाडू, आणि आईने जबरदस्तीने दिलेली कुळथाच्या पिठाची पिशवी. दाभोळहून हर्णै चौदाएक सागरी मैल. धाकट्याला बुरोंडीच्या समोर उलटी झाली, त्यानंतर तो बाहेर बसला आणि डॉल्फिन त्याने सगळ्यांच्या आधी पाहिले. आता प्रत्येक वेळी उलटी झाली की डॉल्फिन दिसतात, अशी त्याची समजूत आहे.

सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर टाकला. हर्णैचा संध्याकाळचा लिलाव पाहिला, सुरमईचे भाव ऐकून बांगडे घेतले.

परत आलो तेव्हा बिल्जमध्ये अडीच बादल्या. खारट. नवरा एकच शब्द बोलला. "कील."

१५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

नवऱ्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून भांडले नाही. दोन्ही कील आतून बोल्टांनी धरलेले आहेत. होडी वाळूवर दोन-चार वेळा जोरात बसली असेल, तर कील आणि तळ यांच्यामधला सांधा हलू शकतो, आणि मग पाणी बोल्टाच्या कडेने वर चढतं.

सकाळच्या भरतीला टिटवी खाडीतल्या कडक पुळणीवर नेऊन उभी केली. शिंपल्यांचा थर असलेली जागा चाचांनी दाखवली, नाहीतर एक पाय रुततो आणि दुसरा नाही, मग रात्रभर वाकड्या होडीत झोपायची वेळ येते. तीनच्या सुमारास पाणी कीलपर्यंत उतरलं. साडेपाचला पूर्ण कोरडं. हातात सगळे मिळून चार तास, त्यातला दीड अंधाराचा.

एका महिन्यात तळावर बार्नॅकलची (चिकटून बसणाऱ्या कवचाच्या जिवांची) पुटं. नखाएवढी, पण धार अशी की मोठीचा मोजा फाटला. पत्र्याच्या खुरपण्याने खरवडलं आणि घासून धुतलं. हे चालू असताना धाकटा सारखा मागे वळून बघत होता. वशिष्ठीत मगरी आहेत हे त्याला चिपळूणच्या मित्राने सांगितलंय. आहेत, पण वर, मालदोलीच्या आसपास. इथे पाणी खारट. "पण ती वाट चुकली तर?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाबांनी सांगितलं की मगर आधी आजोबांना खाते, कारण ते हळू पळतात. मग तो निश्चिंत.

आता सांधा. युक्ती अशी की होडी कोरडी झाल्यावर सांध्यातून बाहेर पाणी पाझरतंय का बघायचं. आत शिरलेलं पाणी त्याच वाटेने परत येतं. बॅटरी लावून दोन्ही कीलची पूर्ण लांबी बघितली. एक थेंब नाही, गंजाचा ओघळ नाही. आतून बोल्टांच्या डोक्यांवर हातोडी मारली, सगळे खणखणीत. नवऱ्याचा चेहरा पडला. कील शाबूत निघाल्याबद्दल वाईट वाटणारा तो बहुधा पहिलाच मालक असावा.

पाणी परत येईपर्यंत केबिनमध्ये कुळथाचं पिठलं आणि भात. आठ वाजता होडी हलली, आधी डावा पाय सुटला, मग उजवा. खिडकीतून त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र. पलीकडच्या गावात देवळाच्या दीपमाळेवर दिवे.

८ डिसेंबर

गेलो नाही. परीक्षा.

२२ डिसेंबर

एक बादली. खारट. चाचांचं आता रोजचंच झालंय, जेटीवर दिसलं की विचारतात: "काय गो बाय, आज खारट की गोडं?"

आज मात्र ते थोडा वेळ थांबले. म्हणाले, लाकडाच्या होडीत पाणी शोधायला आम्ही पाण्याकडे बघत नाही. लाकूड कुठे काळं पडलंय ते बघतो. पाणी वाहून जातं, डाग राहतो. तुमच्या बादलीला डाग पडत नाही, म्हणून तुम्ही आंधळे.

२८ डिसेंबर

चाचांचं बोलणं मोठीच्या डोक्यात राहिलं असावं. दिवाळीची उरलेली रांगोळी घेऊन आली. "आई, आपण डाग पाडूया."

बिल्ज स्पंजने, मग जुन्या बनियनने, मग वर्तमानपत्राने कोरडं केलं. कोरडं म्हणजे हाताला थंडसुद्धा लागणार नाही इतकं. त्यावर आडव्या रेघा काढल्या: ग्लँडच्या पुढे गुलाबी, कीलच्या बोल्टांभोवती पिवळी, उजव्या कपाटांखाली निळी, डाव्या कपाटांखाली हिरवी, नांगराच्या खणापाशी पांढरी. पाणी जिथून येईल ती रेघ कापत येईल. मी ह्या होडीवर तीन वर्षं आहे, बाबा बोटींवर चाळीस वर्षं होते, आणि ही गोष्ट नववीतल्या मुलीला सुचली.

होडी मुरिंगला (खाडीतल्या कायमच्या नांगराला) तशीच ठेवली. कुणीही आत पाय ठेवायचा नाही.

३० डिसेंबर

दोन रात्रींनंतर सगळे रंग जसेच्या तसे. म्हणजे उभी असताना टिटवी गळत नाही. माझे दोन आणि नवऱ्याचा एक, असे तीन संशयित एका झटक्यात सुटले.

इंजिन तासभर चालवलं. गुलाबी रेघेला चिमूटभर ओल, ग्लँडचे थेंब. बाकी कोरडं.

४ जानेवारी २०२५

आज शीड. दुपारी वायव्येचा वारा बाराएक नॉट. खाडीच्या तोंडातून बाहेर पडून टाळकेश्वरच्या दीपगृहासमोर एकदा समुद्राकडे, एकदा जमिनीकडे अशा तिरप्या फेऱ्या मारल्या. मोठी केबिनमध्ये फळ्या काढून बॅटरी घेऊन पालथी पडली होती. मला अशा स्थितीत दोन मिनिटांत मळमळलं असतं.

समुद्राकडे जाताना, म्हणजे वारा उजवीकडून, होडी डावीकडे कललेली: काही नाही.

वळलो. वारा डावीकडून, होडी उजवीकडे कलली, उजव्या डेकची कड पाण्याला लागली, प्रत्येक लाटेला डेकवरून पाण्याचा पट्टा धावत मागे जायला लागला. आतून ओरडा आला: "निळी! आई, निळी!"

कपाटातलं सगळं सामान बाहेर फेकलं. पातेली, लाइफजॅकेटं, गॅसचा कॅन. कपाटाच्या मागच्या भिंतीवरून करंगळीएवढी धार खाली येत होती. वर पाहिलं तर ती डोलकाठीची बाजूची तार जिथे डेकमधून खाली येऊन पोलादी पट्टीला धरलेली आहे तिथून येत होती. ती पट्टी म्हणजे चेनप्लेट.

परत येताना कुणी फार बोललं नाही. मी सुकाणूवर बसून हिशोब लावत होते. पावसाळ्यात होडी जमिनीवर असते, डेकवर पाऊस पडतो, त्या भोकातून आत येतो: गोडं. हंगामात होडी कलते, डेकवर समुद्र येतो, त्याच भोकातून आत येतो: खारट. दोन चवी म्हणून आम्ही दोन गळत्या शोधत बसलो. भोक एकच होतं, आणि खारट पाणीही वरूनच येत होतं.

मुरिंगला सगळं कोरडं, चालवलं की पाणी. हर्णैला जाऊन आलो तेव्हा अडीच बादल्या होत्या, हे ५ नोव्हेंबरच्या नोंदीत मीच लिहिलंय. वाचलं नाही.

११ जानेवारी

डोलकाठी न उतरवता तार सोडायची, तर आधी काठीला दुसरा आधार हवा. मोठं शीड चढवायची दोरी उजव्या कडेच्या दुसऱ्या कड्याला घट्ट बांधली, मग तार मोकळी केली. वाऱ्याच्या दिवशी हे करायचं नाही, आज पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती.

चेनप्लेटच्या भोवती डेकवर स्टीलची छोटी झाकणपट्टी असते. तिच्यावर पांढऱ्या सिलिकॉनचा जाड थर. बाथरूममध्ये वापरतात ते. त्यावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट. माझा. २०२२ च्या मे महिन्यात पाऊस यायच्या आधी घाईत मी वरून सिलिकॉन फासलं होतं. फासण्याचा फोटोही मोबाइलमध्ये आहे, खाली "काम फत्ते".

सिलिकॉन स्टीलला दोन उन्हाळे धरून राहिलं आणि मग कडेने सुटलं. दिसायला झाकण, आतून पेल्यासारखं: पाणी आत जाईल, वाळायला बाहेर येणार नाही. ह्या कामाला झाकणपट्टी काढून, जुनं सगळं खरवडून, खालून भरायचं असतं. वरून लावलेलं काहीही टिकत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं.

तीन बोल्ट सोडवले. दोन निघाले, तिसरा पान्यात तुटला, खडूसारखा. पट्टी बाहेर ओढली. डेकच्या वरचा भाग आरशासारखा, खालचा भाग आरशासारखा, आणि मधला, डेकच्या जाडीत दडलेला दीड इंच, तपकिरी, खड्डे पडलेला. एका खड्ड्यातून आडवी चीर, पट्टीच्या अर्ध्याहून जास्त रुंदीत गेलेली.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. खारट ओल अडकून राहिली, हवा पोचली नाही, की तिथेच आतून पोखरायला लागतं. बाहेरून चकचकीत.

बाबांनी पट्टी हातात घेतली, उजेडात धरली, उलटसुलट केली. मग अंगठ्यांनी वाकवली. चिरेवर दुमडली. काही न बोलता खिशात घातली.

उजवी तार जोर घेते वारा उजवीकडून असताना. म्हणजे समुद्राकडे जाताना. ज्या फेरीत होडी कोरडी राहायची आणि आम्ही खूश असायचो, त्याच फेरीत डोलकाठी ह्या पट्टीला लटकलेली असायची. ५ नोव्हेंबरला मुलं पुढे बसली होती.

१९ जानेवारी

नवीन पट्टी. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या टाक्या बनवणारे फॅब्रिकेटर आहेत, त्यांना ३१६ दर्जाचं स्टील नवीन नाही. एकाने तासाभरात कापून, भोकं पाडून, पॉलिश करून दिली. स्वस्तात. फारच स्वस्तात.

२ फेब्रुवारी

पट्टी दोन आठवडे मुद्दाम खाडीच्या पाण्यात दोरीला बांधून ठेवली होती. चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके. ३०४ असणार. लोहचुंबकाने ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाही, दोन्हीला तो नीट चिकटत नाही. ओळख पटते ती मॉलिब्डेनमवरून, ते ३१६ मध्ये दोनेक टक्के असतं. त्याच्या चाचणीचे थेंब मिळतात, एक बाटली मागवली. पट्टीवर थेंब टाकला, रंग बदलला नाही. मालकाला फोन केला तर म्हणाला, "ताई, आमच्याकडे सगळं ३१६ च." दुसरीकडे गेले, बाटली बरोबर घेऊन. त्यांनी हसत हसत आधी थेंब टाकू दिला, मग कापली. दुप्पट पैसे. जुनीपेक्षा दोन मिलिमीटर जाड करून घेतली.

१६ फेब्रुवारी

डेकचं काम. डेक म्हणजे फायबरचे दोन थर आणि मध्ये प्लायवुड. भोकाभोवतीचं प्लायवुड ओल्या ग्लुकोज बिस्किटासारखं झालेलं. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून दोन थरांमधलं कुजकं लाकूड कोरून काढलं, चारही बाजूंना कोरडं लाकूड लागेपर्यंत. जवळजवळ ओंजळभर निघालं. मागच्या रविवारी कोरून ठेवलं होतं, आठवडाभर उन्हात आणि रात्री बल्ब लावून सुकवलं. नवरा रोज संध्याकाळी फोनवर विचारायचा, "सुकलं?" जणू मी पापड घातलेत.

खालून टेप लावून भोक बंद केलं. आधी पातळ एपॉक्सी (दगडासारखा घट्ट होणारा डिंक) लाकडाला प्यायला दिलं, मग पूड घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं भरलं. जाड भरलं की तापतं, म्हणून दोन टप्प्यांत. आता तिथे लाकूडच नाही, एपॉक्सीचा ठोकळा आहे. त्यात पट्टीसाठी नवीन खाच पाडायची. पुढे कधी सीलंट सुटलं तरी पाणी लाकडात शिरणार नाही, सरळ कपाटात पडेल आणि कळेल.

२३ फेब्रुवारी

खाच पाडली, कड थोडी तिरकी तासली म्हणजे सीलंटला बसायला जागा मिळते. ब्युटाइलच्या (चिकट, मऊ रबराच्या) वळ्या पट्टीभोवती गुंडाळून झाकणपट्टी बसवली. स्क्रू एका दमात आवळायचे नाहीत: आज अर्धे, उद्या थोडे, उन्हात मऊ झाल्यावर परवा थोडे. कडेने काळी वळी बाहेर येत राहते, ती नखाने काढायची. मुलांना हे काम फार आवडलं.

मग नळी. ह्या वेळी विसरले नाही. अर्धा तास पाणी मारलं, मोठी आत बसली होती, बॅटरी आणि निळी रांगोळी घेऊन. कोरडं.

तुटका बोल्ट आणि दुमडलेली पट्टी बाबांनी घरी देवघराच्या कोनाड्यात ठेवलीय. आईने दोनदा बाहेर काढली, दोनदा परत गेली.

१४ मार्च

शिमगा. पालखी घरी. होडीचं नाव काढायचं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

मुलांची शाळा बुडवून निघालो. आई म्हणाली, "मी शिकले असते तर एक दिवससुद्धा बुडवला नसता." खरं आहे, म्हणून गप्प बसलो.

बेत बाणकोटचा. उद्या अमावास्या, परवा पाडवा. चाचांनी बजावलंय की चंद्र दिसला तर सोमवारी ईद, शीरखुर्मा थंड व्हायच्या आत परत या. दाभोळ आणि बाणकोट दोन्हीकडे तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा आहे, तो भरतीलाच ओलांडायचा. आज चतुर्दशी, साडेदहा. धाकट्याने सांगितलं, मी फक्त वही बघून मान हलवली.

ह्या दिवसांत सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, दहा-अकराला मरतो, मग पडलेलं पाणी, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा उठतो तो वायव्येकडून. उत्तरेला जायचं म्हणजे नाकासमोर. सहा तास तिरपे-तिरपे. समुद्राकडे तासभर, वळा, जमिनीकडे तासभर, वळा. त्रासाचं आहे, पण मला नेमकं हेच हवं होतं.

समुद्राकडची पहिली फेरी. उजवी तार ताठ, नवीन पट्टीवर सगळा जोर. चौदा-पंधरा नॉट. बाबा डेकवर तारेला पाठ लावून बसले होते, हात मागे, तळवा पट्टीवर. "लाइफजॅकेट घाला" म्हणून दोनदा सांगावं लागलं. वळलो, उजवी कड पाण्यात, डेकवरून लाट. मोठी खाली. "निळी कोरडी!" दर दहा मिनिटांनी हीच बातमी, रेडिओसारखी.

जाळ्यांचे थर्माकोलचे तरंगते तुकडे कोळथऱ्याच्या समोर इतके होते की एक माणूस पुढे उभा ठेवला. एकदा इंजिन चालू असताना दोरी पंख्यात गेली की सुरी घेऊन पाण्यात उतरण्यावाचून उपाय नाही, आणि जाळं कुणाच्या तरी पोटाचं असतं.

साडेपाचला हर्णै. नांगर सुवर्णदुर्गाच्या आडोशाला, पाणी तीन मीटर, भरतीला पाच होईल असं धरून पंचवीस मीटर साखळी-दोर. रात्री लाट किल्ल्याला वळसा घालून आडवी आली आणि आम्ही पाळण्यासारखे झुललो. झोप कुणालाच नाही. मोठी तुळाजी आंग्र्यांबद्दल वाचत होती: १७५५ साली कमोडोर जेम्सने हा किल्ला घेतला, आणि तोही पेशव्यांच्या बाजूने. "आपलेच?" आपलेच. ती बराच वेळ अंधारात तटाकडे बघत होती.

२९ मार्च

सातला निघालो, मतलईवर शीड बाजूला सोडून सपाट पाण्यातून. दहाएक मैल. आंजर्ल्याच्या पुढे काकण, म्हणजे समुद्रगरुड, दिसला, पंज्यात साप की बाम, ठरेना. अकराच्या सुमारास बाणकोटच्या तोंडाशी. आधी बाहेर थांबून दोन मच्छीमार होड्या आत जाताना बघितल्या, त्यांच्या मागोमाग आत. सावित्रीत शिरल्यावर पाणी चहाच्या रंगाचं आणि एकदम शांतता.

संध्याकाळी रिक्षाने वेळास. किनाऱ्यावर कुंपणातली टोपली उचलली तर खाली ऑलिव्ह रिडलेची दोन पिल्लं. दोनच. शंभर माणसं दोरीच्या मागे आणि समोर तळहाताहून लहान दोन जीव वाळू रेटत चाललेले. एक वाटेत थांबलं, सगळे थांबले. मग लाट आली.

धाकटा परतताना म्हणाला, त्यांच्यात पाणी शिरत नाही का?

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी कुठे उभारायची ह्यावर वाद नव्हता. वेळूची काठी बाबांनी घरूनच आणली होती. आईने दिलेलं खण, कडुलिंब, आंब्याचा डहाळा, साखरेची गाठी आणि होडीवरचा स्टीलचा गडू. सगळं बांधून शिडाच्या दोरीने डोलकाठीच्या टोकापर्यंत चढवलं. जवळच्या होडीवरचे खलाशी बघत होते, एकाने हात जोडले. कडुलिंबाची चटणी खाऊन धाकट्याला डॉल्फिन न दिसता उलटी झाली.

गुढी खरं तर संध्याकाळी उतरवायची, पण भरती पावणेएकची. साडेबाराला उतरवली, आईला सांगायचं नाही असं ठरलं. मग वारा पाठीशी घेऊन तीन तासांत हर्णै. येताना सहा तास झगडलेला तोच वारा.

३१ मार्च

एक वाजता दाभोळ. चंद्र काल दिसला होता. शीरखुर्मा गरम होता. चाचांनी वाटी पुढे करताना विचारलं, "खारट की गोडं?" धाकट्याने चमचा चाखून सांगितलं.

होडीत बिल्जला हात लावला. ग्लँडच्या पुढे चमचाभर पाणी. निळी रेघ कोरडी. हिरव्या रेघेला मात्र मधोमध एक काळपट ठिपका, रुपयाएवढा.

१३ एप्रिल

डावी झाकणपट्टी बघितली. तिच्यावरही सिलिकॉन आहे, तेच, मे २०२२ चं. अजून सुटलेलं दिसत नाही. लोट्याला दुसऱ्या पट्टीची मापं दिली, थेंबांची बाटली बॅगेत ठेवली. शाकारायच्या आधी सहा शनिवार आहेत, त्यातले दोन लग्नांचे.